८१ पैकी ४४

भोरजवळ वेळवंडी नदीवरच्या भाटघर धरणाला स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी ठरावीक पातळीला पोचलं की ते आपसूक उघडतात.

तान्ह्या बाळाच्या अन्ननलिकेच्या तळाशीही स्नायूंच्या कड्याचा असाच एक दरवाजा असतो. पण तो धरण भरायची वाट बघत नाही, मधूनच सैल पडतो. त्यात जठर इवलंसं, आहार सगळा पातळ आणि मुक्काम आडवा! मग घर भोरच्या पेठेत असो की वेल्ह्यात तोरण्याच्या पायथ्याला, आईच्या खांद्यावर दुधाचा डाग ठरलेलाच.

बाळ दूध टाकताना कळवळून रडलं, की मोठ्यांची ‘ॲसिडिटी’ आठवते. मग मोठ्यांचंच औषध थेंबाथेंबानं दिलं तर? २००९मध्ये याच प्रश्नाचं उत्तर प्रसिद्ध झालं. वर्षाच्या आतली, दुधानंतर रडणारी १६२ बाळं. निम्म्यांना लॅन्सोप्रॅझोल, निम्म्यांना हुबेहूब तसाच दिसणारा, पण औषध नसलेला द्रव. कुणाला काय मिळतंय, हे ना आईला ठाऊक, ना डॉक्टरांना. चार आठवड्यांनी गुपित उघडलं. औषध घेतलेल्या ८१ बाळांपैकी ४४ जणांचं रडणं निम्म्यानं तरी कमी झालं होतं. आणि औषध न मिळालेल्या ८१ पैकी? तीही ४४च!

असं कसं झालं? लॅन्सोप्रॅझोल जठरातले आम्लाचे पंप बंद करतं. दरवाजा मात्र सैल तो सैलच राहतो. शिवाय नुकतंच प्यालेलं दूध स्वतःच आम्लाची धार बोथट करतं. बरं, आम्ल काही नुसतं जाळत नाही, पोटात शिरणारे जंतूही मारतं. या चाचणीत छातीच्या संसर्गासारखे गंभीर त्रास औषधाच्या गटात १० बाळांना झाले, दुसऱ्या गटात फक्त दोघांना.

अन्ननलिकेला खरोखर इजा झाली असेल, तर डॉक्टर हे औषध विचारपूर्वक देतात. उलटी हिरवी असेल, तीत रक्त दिसलं, ती जोरानं फेकली जात असेल किंवा बाळाचं वजन वाढत नसेल, तर दवाखाना गाठायलाच हवा. पण हसतखेळत दूध टाकणाऱ्या बाळाला आजी उभं धरते, ढेकर काढते आणि म्हणते, “बसायला लागलं की थांबेल.” एका अमेरिकी पाहणीत चौथ्या महिन्यात तीनपैकी दोन बाळं रोज दूध टाकत होती, वर्षाच्या सुमारास विसांत एकच उरलं. तोवर तो इवला दरवाजा आपली वेळ शिकलेला असतो.