शस्त्र परवाना आणि पूर्वचारित्र्याची पडताळणी

उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपल्याला
• भारतात बंदूक बाळगणे हा हक्क का नाही, हे सांगता येईल.
• परवान्याच्या अर्जाची छाननी कोण व कशी करतो, हे स्पष्ट करता येईल.
• पडताळणी एकदाच करून का भागत नाही, याची चर्चा करता येईल.

प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, परवान्याची बंदूक आपण कोठे ना कोठे पाहिली असेल. बँकेच्या दाराशी उभ्या असलेल्या माजी सैनिकाच्या खांद्यावर ती असते. लातूरच्या आडत बाजारात रोकड सांभाळणाऱ्या एखाद्या व्यापाऱ्याजवळ ती असते. नांदेड जिल्ह्यात किनवट-माहूरच्या जंगलालगत रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी जुनी ठासणीची बंदूक जपून ठेवणारी घरेही आढळतात. या तिघांची गरज वेगवेगळी आहे. तरी शासन तिघांनाही एकच प्रश्न विचारते: हे शस्त्र या माणसाच्या हाती दिले, तर इतरांचे जीवित सुरक्षित राहील का?

मराठवाड्याला या प्रश्नाचे गांभीर्य इतिहासाने शिकवले आहे. १९४७-४८ मध्ये हैदराबाद संस्थानात रझाकारांच्या सशस्त्र पथकांनी खेड्यापाड्यांत दहशत माजवली. त्यांचा नेता कासीम रझवी हा लातूरला वकिली करीत असे. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन होईपर्यंत असंख्य कुटुंबांना गाव सोडून आसरा शोधावा लागला. शस्त्रे कायद्याच्या देखरेखीबाहेर गेली की सामान्य माणसाला संरक्षण उरत नाही, हा त्या काळाचा धडा होय.

कायद्याची भूमिका

भारतात शस्त्रांचे नियमन शस्त्र अधिनियम, १९५९ आणि शस्त्र नियम, २०१६ यांनुसार होते. परवान्याशिवाय अग्निशस्त्र किंवा दारूगोळा जवळ बाळगता येणार नाही, असे अधिनियमाचे कलम ३ सांगते. म्हणजे मनाई हा नियम आहे आणि परवाना हा त्याला अपवाद आहे.

अमेरिकेशी तुलना केली की हा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. तेथे शस्त्र बाळगण्याचा हक्क संविधानाच्या दुसऱ्या दुरुस्तीत नमूद आहे. त्यामुळे एखादी व्यक्ती अपात्र आहे का, एवढेच तेथे प्रामुख्याने तपासले जाते. १९९३ च्या ब्रॅडी कायद्यानंतर परवानाधारक विक्रेत्याला ग्राहकाची पूर्वपडताळणी करणे बंधनकारक झाले आणि १९९८ पासून त्यासाठी राष्ट्रीय संगणकीय यंत्रणा सुरू झाली. मात्र एका खासगी व्यक्तीने दुसरीला केलेली विक्री संघराज्याच्या त्या कायद्यातून बरीचशी सुटली. आपल्याकडे खासगी व्यवहारालाही सूट नाही. परवानाधारकाला आपले शस्त्र विकायचे असेल, तर घेणाऱ्याकडेही परवाना असावा लागतो. शिवाय त्याचे नाव व पत्ता जिल्हादंडाधिकारी किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवून पंचेचाळीस दिवस थांबावे लागते.

नांदेडच्या संदर्भात एक खुलासा आवश्यक आहे. सचखंड श्री हजूर साहिब येथे शस्त्रपूजनाची परंपरा आहे आणि कृपाण धारण करणे हा शीख धर्माचरणाचा भाग असल्याचे संविधानाच्या अनुच्छेद २५ चे स्पष्टीकरण मानते. हे संरक्षण कृपाणापुरते आहे. अग्निशस्त्राला कोणत्याही धर्माच्या व्यक्तीस परवाना लागतोच.

पडताळणी कशी होते?

नांदेड व लातूर या जिल्ह्यांत पोलीस आयुक्तालय नाही. त्यामुळे परवाना देण्याचा अधिकार जिल्हादंडाधिकारी या नात्याने जिल्हाधिकाऱ्यांकडे आहे. अर्जदाराला ओळख व निवासाचे पुरावे, वैद्यकीय प्रमाणपत्र आणि शस्त्र सुरक्षित ठेवण्याची हमी द्यावी लागते. शस्त्र कशासाठी हवे, हेही सांगावे लागते.

यानंतरचा टप्पा सर्वांत महत्त्वाचा आहे. कलम १३ नुसार परवाना प्राधिकारी जवळच्या पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याकडून अहवाल मागवतात. अर्जदारावर गुन्हे आहेत का, गावात त्याचे कोणाशी वैर आहे का, त्याने सांगितलेला धोका खरा आहे का, हे या अहवालातून समजणे अपेक्षित असते. अहवालासाठी तीस दिवसांची मुदत आहे. अहवाल मुदतीत आला नाही, तर प्राधिकारी योग्य वाटल्यास त्याविनाही निर्णय घेऊ शकतात, अशी तरतूद कायद्यात आहे. ठाण्यातील दप्तरदिरंगाईमुळे अर्जदाराची अडवणूक होऊ नये, हा तिचा हेतू दिसतो. पण छाननीतील सर्वांत नाजूक जागाही हीच आहे. माणसाची खरी ओळख ठाणेदाराला व गावाला असते. ती माहिती कागदावर आलीच नाही, तर जिल्ह्याच्या ठिकाणी बसलेल्या अधिकाऱ्याला केवळ अर्जच दिसतो.

परवाना कोणाला नाकारला जातो? एकवीस वर्षांखालील व्यक्तीला सर्वसाधारणपणे परवाना मिळत नाही. हिंसेच्या किंवा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात शिक्षा झालेल्या व्यक्तीला शिक्षा संपल्यानंतरही पाच वर्षे शस्त्र बाळगता येत नाही. शांतता राखण्याचे किंवा चांगल्या वर्तणुकीचे बंधपत्र ज्याच्याकडून घेतले आहे, त्याच्यावर त्या मुदतीपुरती बंदी असते. मनोविकल व्यक्तीलाही परवाना देता येत नाही. याखेरीज सार्वजनिक शांतता किंवा सुरक्षिततेसाठी आवश्यक वाटल्यास कलम १४ नुसार नकार देता येतो. नकाराची कारणे लेखी नोंदवावी लागतात आणि त्याविरुद्ध अपील करता येते. अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही, एवढ्याच कारणावरून मात्र परवाना नाकारता येत नाही. कायद्याने गरिबी आणि धोकादायकपणा यांत फरक केला आहे, हे आपण लक्षात घ्यावे.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न
१. पोलीस अहवालाशिवाय दिलेल्या परवान्यात कोणता धोका संभवतो?
२. ‘परवाना हा अपवाद आहे’ या विधानाचा अर्थ स्पष्ट करा.

एकदाची पडताळणी पुरेशी आहे का?

परवाना देताना पाहिलेला माणूस आणि पाच वर्षांनंतरचा माणूस एकच असतो, असे गृहीत धरता येत नाही. दरम्यान शेताच्या बांधावरून भाऊबंदकी पेटते, व्यसन जडते, निवडणुकीतून वैर निर्माण होते. म्हणून कलम १७ ने परवाना निलंबित अथवा रद्द करण्याचा अधिकार दिला आहे. महत्त्वाची माहिती दडवून मिळवलेला परवानाही या कलमाखाली रद्द होतो.

या अधिकाराचा वेळेवर वापर न झाल्यास काय घडते, हे लातूरला लागून असलेल्या बीड जिल्ह्यात दिसून आले. डिसेंबर २०२४ मध्ये केज तालुक्यातील मस्साजोगच्या सरपंचांची हत्या झाली. ती बंदुकीने झालेली नव्हती. परंतु त्यानंतर जिल्ह्यातील दहशतीची चर्चा सुरू झाली आणि हवेत गोळीबार करणाऱ्यांच्या चित्रफिती समोर आल्या. जिल्ह्यात बाराशेहून अधिक शस्त्र परवाने असल्याचे त्या वेळी उघड झाले. गुन्हे दाखल असलेल्या व्यक्तींकडेही परवाने होते. त्यानंतर फेरतपासणी होऊन शंभराहून अधिक परवाने रद्द करण्यात आले. रद्द करण्याचा अधिकार आधीपासूनच होता, हे येथे ध्यानात घ्यावे. कायदा अपुरा पडला नव्हता. प्रत्येक फाईल पुन्हा उघडून पाहण्याची सवय तेवढी अपुरी पडली होती.

निवडणुकीच्या काळात ही सवय दिसते. आचारसंहिता लागू झाली की जिल्हास्तरीय छाननी समिती परवानाधारकांचा आढावा घेते आणि आवश्यक तेथे शस्त्रे पोलीस ठाण्यात जमा करून घेते. निकालानंतर ती परत दिली जातात. असा आढावा निवडणुकीपुरता न ठेवता नियमित घेतला, तर पडताळणीला खरा अर्थ येईल.

२०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीकडील अग्निशस्त्रांची कमाल मर्यादा तीनवरून दोनवर आणली. लग्नात किंवा मिरवणुकीत बेपर्वाईने गोळीबार करून इतरांचा जीव धोक्यात आणल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. त्याच दुरुस्तीने परवान्याची मुदत मात्र तीनवरून पाच वर्षे केली. म्हणजे नूतनीकरणाच्या वेळी होणारी तपासणी अधिक अंतराने होऊ लागली. त्यामुळे मधल्या काळातील देखरेखीची जबाबदारी वाढली.

पडताळणीची मर्यादा

परवान्याच्या वाटेने न येणाऱ्या शस्त्रावर ही छाननी चालत नाही. गावठी कट्टा विकणारा कोणाचेही चारित्र्य तपासत नाही. अशा शस्त्रांसाठी पुरवठ्याचे मार्ग तोडणे, कारखाने शोधणे आणि खटले तडीस नेणे हाच उपाय आहे. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही विनापरवाना शस्त्रांच्या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली. तथापि ‘गुन्हेगार कट्टा वापरतात, मग परवान्याची छाननी कशाला?’ हा युक्तिवाद टिकत नाही. घराच्या दोन दारांपैकी एक उघडे आहे म्हणून दुसऱ्याची कडी काढून ठेवणे शहाणपणाचे नाही.

नागरिक म्हणून आपली भूमिका

आपल्यापैकी कोणी पोलीस पाटील असेल, कोणी ग्रामपंचायत सदस्य, तर कोणी परवानाधारकाच्या घरातील व्यक्ती असेल. पोलीस चौकशीला आले असता शेजाऱ्याची भीड न धरता खरी माहिती देणे, हे आपले कर्तव्य आहे. परवानाधारक धमकावत असेल, तर पोलीस ठाण्यात व जिल्हाधिकारी कार्यालयात लेखी तक्रार करावी. त्या तक्रारीच्या आधारे परवान्याचा फेरविचार होऊ शकतो. घरातील परवानाधारकाचे निधन झाल्यास त्याची बंदूक आठवण म्हणून माळ्यावर ठेवता येत नाही. ती विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून वारसाने स्वतंत्र अर्ज करावा.

सारांश

भारतात शस्त्र परवाना ही शासनाने विश्वासाने दिलेली सवलत आहे. पोलीस अहवाल हा त्या विश्वासाचा पाया आहे आणि नियमित फेरतपासणीने तो टिकतो. अहवाल प्रामाणिक नसेल किंवा फेरतपासणी होत नसेल, तर परवाना धोकादायक हाताला कायद्याचे संरक्षण देतो. म्हणून चांगली पडताळणी अर्जाच्या दिवशी सुरू होते आणि शस्त्र त्या माणसाकडे असेपर्यंत चालू राहते.

सरावासाठी स्वाध्याय
१. भारत व अमेरिका येथील शस्त्रविषयक भूमिकांतील मूलभूत फरक स्पष्ट करा.
२. बीड जिल्ह्यातील परवान्यांच्या फेरतपासणीवरून प्रशासनाने कोणता बोध घ्यावा, ते लिहा.
३. आपल्या तालुक्यातील शस्त्र परवान्यांचा वार्षिक आढावा घेण्यासाठी एक व्यवहार्य पद्धत सुचवा.