विश्लेषण : गलेलठ्ठ पॅकेज की प्रयोगशाळा? तरुण इंजिनीअरसमोरील निवडीचे गणित काय?

इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला प्लेसमेंटचा हंगाम सुरू झाला, की वर्गातल्या दोन-चार जणांसमोर वेगळाच पेच उभा राहतो. हातात कंपनीचे ऑफर लेटर असते आणि डोक्यात शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टमधला एखादा सेन्सर, पंप किंवा बॅटरीची कल्पना घोळत असते. घरी विचारले तर उत्तर ठरलेले : आधी नोकरी धर, बाकीचे नंतर बघू. पण हे ‘नंतर’ आले तर तोवर काय हातचे जाते? नोकरीत असताना लावलेला शोध कोणाचा? आणि संशोधनाची वाट धरली तर पैसा नेमका कुठे अडतो? समजून घेऊ या.

पैशाचा फरक किती?

केंद्र सरकारने जानेवारी २०२३ पासून लागू केलेल्या दरांनुसार कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती, म्हणजेच जेआरएफ, महिना ३७ हजार रुपये आहे. पहिल्या दोन वर्षांनंतर ती वरिष्ठ श्रेणीत गेली, की ४२ हजार होते. घरभाडे भत्ता वेगळा. पीएचडीच्या पाच वर्षांचा हिशेब केला तर भत्ता वगळून ही रक्कम सुमारे २४ लाख रुपये भरते. वर्षाला १२ लाखांची नोकरी घेणाऱ्याला एकही पगारवाढ न मिळता याच काळात ६० लाख मिळतात. फरक ३६ लाखांचा. शिवाय फेलोशिपमध्ये पगारासारखा भविष्य निर्वाह निधी नसतो, ग्रॅच्युइटी नसते.

निवडक संस्थांतील विद्यार्थ्यांसाठी असलेल्या पंतप्रधान संशोधन फेलोशिपची रक्कम महिना ७० ते ८० हजार रुपये ठेवण्यात आली. तिथे हा फरक बराच कमी होतो. मात्र ती मोजक्यांनाच मिळते. उरलेल्यांना रकमेइतकीच चिंता ती वेळेवर येण्याची असते. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्यातील संस्थांच्या फेलोशिपसाठी संशोधक विद्यार्थ्यांना आंदोलनाला बसावे लागले, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. ज्याच्या घरी शैक्षणिक कर्जाचा हप्ता सुरू आहे, त्याच्यासाठी हा प्रश्न हौसेचा राहत नाही.

नोकरी धरली म्हणजे संशोधन संपले का?

तसे नाही. जपानचे कोइची तानाका इलेक्ट्रिकल इंजिनीअरिंगची पदवी घेऊन १९८३ मध्ये शिमाद्झू या उपकरणे बनवणाऱ्या कंपनीत लागले. प्रथिनांसारखे मोठे रेणू न मोडता त्यांचे वस्तुमान मोजण्याची पद्धत त्यांनी तिथेच विकसित केली. २००२ मध्ये त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. तेव्हा ते ४३ वर्षांचे होते, कंपनीत साधे इंजिनीअर होते आणि त्यांच्याकडे पीएचडी नव्हती.

मात्र अशी संधी मिळण्यासाठी कंपनीत संशोधन विभाग असावा लागतो. भारताचा संशोधनावरचा एकूण खर्च २०२०-२१ मध्ये जीडीपीच्या ०.६४ टक्के होता आणि त्यात खासगी उद्योगांचा वाटा सुमारे ३६ टक्के. चीनमध्ये एकूण खर्च जीडीपीच्या अडीच टक्क्यांच्या आसपास, तर दक्षिण कोरियात साडेचार टक्क्यांहून अधिक आहे. त्यामुळे आपल्याकडे ‘कॉर्पोरेट नोकरी’ म्हणजे बहुतेक वेळा सेवा पुरवण्याचे काम असते. ऑफर लेटरवर ‘आर अँड डी इंजिनीअर’ असे पद लिहिलेले असले, तरी तिथे नवे काही बनते की फक्त चाचण्या होतात, हे आधी विचारून घेतलेले बरे.

नोकरीत लावलेला शोध कोणाचा?

हा मुद्दा फ्रेशर सहसा वाचतच नाहीत. भारताच्या १९७० च्या पेटंट कायद्यात कर्मचाऱ्याने लावलेल्या शोधाबाबत स्वतंत्र तरतूद नाही. कायद्यानुसार पेटंटसाठी अर्ज करण्याचा हक्क मूळ शोधकर्त्याला किंवा त्याने हक्क सोपवलेल्या व्यक्तीला, संस्थेला असतो. त्यामुळे सगळे काही नोकरीच्या करारावर येऊन ठेपते. अनेक करारांत नोकरीच्या काळातील शोधांचे हक्क कंपनीकडे जातील, असे कलम असते. काही ठिकाणी कामाच्या वेळेबाहेर केलेले कामही त्यात ओढले जाते.

याचे गाजलेले उदाहरण शुजी नाकामुरा यांचे. १९७९ मध्ये ते निचिया या जपानी कंपनीत लागले आणि १९९३ मध्ये त्यांचा तेजस्वी निळा एलईडी जगासमोर आला. आज घराघरांत लागणारा पांढरा एलईडी दिवा याच शोधामुळे शक्य झाला. त्याबद्दल कंपनीकडून त्यांना मिळाले २० हजार येन. पुढे ते न्यायालयात गेले. २००४ मध्ये टोकियोच्या न्यायालयाने २० अब्ज येन देण्याचा आदेश दिला, पण २००५ मध्ये सुमारे ८४ कोटी येनवर तडजोड झाली. २०१४ च्या भौतिकशास्त्राच्या नोबेलमध्येही त्यांना वाटा मिळाला. नाकामुरांच्या बाजूने जपानचा कायदा होता. कर्मचाऱ्याला वाजवी मोबदला देण्याची तरतूद त्यात होती. आपल्याकडे तसा आधार नाही.

नोकरी सांभाळून शोध लावता येतो का?

येतो, पण वेळ लागतो. चेस्टर कार्लसन न्यूयॉर्कमध्ये एका कंपनीच्या पेटंट विभागात काम करत होते. कागदपत्रांच्या प्रती काढताना होणारी दमछाक रोजचीच होती. त्यांनी घरच्या स्वयंपाकघरात प्रयोग सुरू केले. २२ ऑक्टोबर १९३८ रोजी अॅस्टोरिया भागातील एका खोलीत त्यांना पहिली कोरडी छायाप्रत मिळाली. त्यानंतर वीसहून अधिक कंपन्यांनी त्यांना नकार दिला. १९४४ मध्ये बॅटेल या संशोधन संस्थेने कल्पना उचलली, पुढे हॅलॉइड ही छोटी कंपनी आली आणि ‘झेरॉक्स ९१४’ हे यंत्र बाजारात आणण्याची घोषणा झाली १९५९ मध्ये. म्हणजे पहिल्या प्रतीनंतर २१ वर्षांनी.

कार्लसन यांना पेटंटचे काम रोजच्या नोकरीमुळेच माहीत होते. कल्पना कुणाला दाखवण्याआधी तिचे संरक्षण करायला हवे, हे त्यांना शिकवावे लागले नाही. आपल्याकडे मात्र प्रोजेक्ट स्पर्धेत, शोधनिबंधात किंवा यूट्यूबवर कल्पना आधी जाहीर होते आणि अर्जाचा विचार नंतर सुचतो. शोध असा आधीच उघड झाला, की त्याचे ‘नवेपण’ जाण्याचा धोका असतो.

पैसा नेमका कुठे अडतो?

नव्या तंत्रज्ञानाची तयारी १ ते ९ अशा पायऱ्यांवर मोजली जाते. पहिल्या तीन पायऱ्या कागद आणि प्रयोगशाळेच्या. शेवटच्या दोन प्रत्यक्ष वापराच्या. सुरुवातीला फेलोशिप आणि सरकारी अनुदान असते, शेवटी ग्राहक आणि गुंतवणूकदार. मधल्या ४ ते ७ या पायऱ्यांवर खर्च सर्वाधिक वाढतो आणि पैसे देणारा कोणी नसतो. बहुतेक कल्पना इथेच थांबतात.

मराठी माणसाला हे नवे नाही. मुंबईत १८६७ मध्ये जन्मलेल्या शंकर आबाजी भिसे यांनी छपाईचे खिळे वेगाने पाडणारे ‘भिसोटाइप’ हे यंत्र बनवले. लंडनमध्ये दादाभाई नौरोजींनी त्यांना पाठबळ दिले, पुढे रतन टाटांनी भांडवल पुरवले. हे रतन टाटा म्हणजे जमशेदजींचे धाकटे पुत्र. तरीही यंत्राला अपेक्षित बाजारपेठ मिळाली नाही. भिसेंना व्यावसायिक यश मिळाले ते नंतर अमेरिकेत, आयोडीनयुक्त औषधामुळे.

आज कोणती मदत मिळते?

शंभर वर्षांपूर्वी भिसेंना दाते शोधावे लागले. आज काही दारे ठरलेली आहेत.

• निधी-प्रयास : कल्पनेचा नमुना बनवण्यासाठी १० लाख रुपयांपर्यंत.
• स्टार्टअप इंडिया सीड फंड : संकल्पना सिद्ध करण्यासाठी इनक्युबेटरमार्फत २० लाखांपर्यंत अनुदान.
• बायरॅकची ‘बिग’ योजना : जैवतंत्रज्ञानातील कल्पनांसाठी ५० लाखांपर्यंत.
• संशोधन, विकास आणि नवोन्मेष निधी : केंद्रीय मंत्रिमंडळाने जुलै २०२५ मध्ये मंजूर केलेला १ लाख कोटींचा निधी. चौथ्या आणि त्यापुढील पायऱ्यांवरील प्रकल्पांना कमी व्याजाचे दीर्घ मुदतीचे कर्ज किंवा भागभांडवल.

पुण्यात एनसीएलच्या आवारातील व्हेंचर सेंटर आणि मुंबईत आयआयटीचे ‘साइन’ ही इनक्युबेटर केंद्रे अशा योजनांची माहिती आणि मार्गदर्शन देतात.

निर्णयाआधी काय तपासावे?

एक, घरखर्च आणि कर्जाचे हप्ते धरून किमान १८ महिन्यांचा पैसा जवळ आहे का. नमुना बनवून, अर्ज करून अनुदान हाती पडेपर्यंत एवढा वेळ सहज जातो.

दोन, नियुक्तीपत्रातील बौद्धिक संपदेचे कलम सही करण्याआधी वाचा. कल्पना आधीपासून तुमची असेल, तर ती कराराबाहेर असल्याचे लेखी मागा. एचआर नाही म्हणू शकते, पण विचारल्याने ऑफर जात नाही.

तीन, कल्पना जाहीर करण्याआधी तात्पुरता पेटंट अर्ज दाखल करा. व्यक्तीसाठी ऑनलाइन अर्जाचे मूळ शुल्क १,६०० रुपये आहे. संपूर्ण तपशील देण्यासाठी त्यानंतर १२ महिने मिळतात. तपासणीचे शुल्क वेगळे, ४ हजार रुपये. वकिलाची फी यात धरलेली नाही.

चार, परतीची वाट पाहून ठेवा. गेटचा स्कोअर तीन वर्षे वैध असतो. नोकरी करून दोन वर्षे पैसे साठवले, तरी त्याच स्कोअरवर प्रवेशासाठी अर्ज करता येतो. उलट बाजूने, स्टार्टअप फसला म्हणून परत नोकरीकडे वळणाऱ्याकडे निदान दाखवण्यासारखे काम असते.

मग निवड कोणती?

कल्पना अजून कागदावर असेल आणि घरची जबाबदारी मोठी असेल, तर संशोधन विभाग असलेली नोकरी हा कमी जोखमीचा मार्ग ठरतो. नमुना चालतो आहे, पेटंट अर्ज झाला आहे आणि दीड वर्षाचा खर्च हाताशी आहे, अशांना थांबण्याचे कारण कमी. कारण पगार वाढतो तसा घराचा हप्ताही सुरू होतो आणि पुढे नोकरी सोडणे दरवर्षी महाग होत जाते.

आजच्या घडीला ही निवड करण्याची मोकळीक मुख्यतः ज्याच्या घरी दुसरा पगार येतो त्यालाच आहे. फेलोशिप दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला खात्यात जमा झाली, तरी हे चित्र बरेच बदलेल.