लघवीतून उगवलेली वीट

सार्वजनिक मुतारीत शिरताच नाकात घुसणारा तो उग्र दर्प ताज्या लघवीचा नसतो. जिवाणू तिच्यातला युरिया फोडतात, अमोनिया सुटतो आणि आपण नाक दाबून काढता पाय घेतो. त्याच फोडाफोडीतून दगडही घडू शकतो, हे मात्र नाकाला कळत नाही.

मातीत राहणारा स्पोरोसार्सिना पाश्चुरी हा जिवाणू यात पटाईत. त्याच्या युरिएज या विकराने युरिया फुटला की अमोनियाबरोबर कार्बोनेटही मिळतं आणि भोवतालचं पाणी अल्कधर्मी होतं. पाण्यात कॅल्शियम असेल तर ते जिवाणूच्या ऋणभारित पृष्ठभागाकडे ओढलं जातं, तिथेच कार्बोनेटशी जुळतं आणि कॅल्साइटचे स्फटिक धरू लागतात. संगमरवर याच खनिजाचा. स्फटिक वाढतात, वाळूचा कण शेजारच्या कणाला घट्ट चिकटतो. जिवाणू बिचारा बहुधा आपल्याच बांधकामात गाडला जातो.

2018 साली केपटाऊन विद्यापीठातल्या संशोधकांनी याच करामतीने विटा ‘वाढवल्या’. साच्यात वाळू नि जिवाणू, आणि युरियासाठी मुताऱ्यांतून गोळा केलेली लघवी. काही दिवसांत वीट तयार, भट्टी न पेटवता! एका विटेला 25 ते 30 लिटर लघवी लागते, आणि त्यातून आधी खतही काढून घेता येतं. आपल्या बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेने तर इस्रोच्या साथीने चंद्रावरच्या मातीसारख्या मातीची वीट केली. त्यात हाच जिवाणू होता आणि जोडीला गवारीचा डिंक!

मला विटांहून मोठं नवल वाटतं ते वेगळंच. अणुकचऱ्यातलं स्ट्रॉन्शियम-90 भूजलात उतरलं तर घातक, कारण ते कॅल्शियमची जागा बळकावतं आणि हाडांत ठाण मांडतं. पण नेमक्या याच खोडीमुळे ते या जिवाणूने घडवलेल्या कॅल्साइटच्या स्फटिकातही कॅल्शियमच्या जागी जाऊन बसतं आणि तिथे अडकतं. त्याची किरणोत्सारिता निम्मी व्हायला सुमारे 29 वर्षं लागतात. तेवढा काळ दगडाला काहीच नाही.

युरिएज हे विकर सज्जन आहे असं मात्र नाही. प्रोटियससारखे जिवाणू मूत्रमार्गात शिरले की तेच विकर मुतखडा घडवतं. शिवाय वीट झाल्यावर पाण्यात अमोनिया उरतोच, आणि तो नदीत गेला तर मासे मरतात. जगातल्या कार्बन डायऑक्साइडच्या उत्सर्जनात सिमेंटचा वाटा सुमारे 8 टक्के आहे, त्यामुळे या विटेकडे आशेने बघणं योग्यच. पण त्या अमोनियाची सोय लावल्याशिवाय तिला पर्यावरणस्नेही म्हणू नये.