अतिघर्म आणि शस्त्रक्रिया : निर्णयापूर्वी जाणून घ्यावयाच्या गोष्टी

घाम येणे हा शरीराचे तापमान समतोल राखण्याचा निसर्गदत्त उपाय होय. परंतु काही व्यक्तींच्या तळहातांना, तळपायांना वा काखेत उष्मा किंवा श्रम नसतानाही सतत घाम सुटतो. विद्यार्थ्याची उत्तरपत्रिका भिजते, कारागिराच्या हातातील हत्यार निसटते. या विकारास अतिघर्म म्हणतात. तो बहुधा बालपणी वा पौगंडावस्थेत सुरू होतो. याउलट, प्रौढपणी सर्वांगास, विशेषतः झोपेत, घाम येऊ लागल्यास क्षय, थायरॉइडचा विकार अथवा चालू औषधे यांपैकी काही कारण आहे काय, याची तपासणी प्रथम करून घ्यावी.

घर्मग्रंथींना चेतना देणाऱ्या मज्जातंतूंची एक साखळी छातीत पाठीच्या कण्यालगत असते. तळहातांच्या तीव्र विकारात काखेखालील लहान छिद्रांतून दुर्बीण घालून, साधारणतः तिसऱ्या वा चौथ्या बरगडीच्या पातळीवर ही साखळी छेदतात किंवा चिमट्याने आवळतात. शस्त्रक्रिया पूर्ण भूल देऊन केली जाते. बहुतेक रुग्णांचे हात तत्काळ कोरडे होतात.

मात्र यासाठी मोजावी लागणारी किंमत आधीच समजून घेतली पाहिजे. हातांचा घाम थांबल्यावर पाठ, पोट व मांड्या यांना पूर्वीपेक्षा अधिक घाम येऊ लागतो. हा पूरक घाम पुष्कळ रुग्णांत आढळतो आणि काहींना तो मूळ विकाराहूनही असह्य होतो. किनारपट्टीच्या उष्ण व दमट हवेत तो विशेष जाणवतो. छेदलेला तंतू पूर्ववत होईलच असे नाही. चिमटा काढल्यानेही सुटका होण्याची खात्री नसते. क्वचित पापणी खाली झुकणे वा फुप्फुसाभोवती हवा साठणे हे उपद्रवही संभवतात.

काखेतील घामासाठी त्वचेखालील ग्रंथी खरवडून किंवा शोषून काढता येतात. हा उपाय त्या जागेपुरताच असतो. कालांतराने काही अंशी घाम परतू शकतो.

म्हणून सौम्य उपचार आधी करून पाहावेत. रात्री कोरड्या त्वचेवर लावावयाचे ॲल्युमिनियम क्लोराइड, हात पाण्यात बुडवून दिला जाणारा सौम्य विद्युत्प्रवाह, पोटात घेण्याची औषधे आणि काही महिने परिणाम टिकणारी बोटुलिनमची इंजेक्शने हे त्यांतील प्रमुख होत. ते सर्व निष्फळ ठरल्यावरच शस्त्रक्रियेचा विचार करावा आणि पूरक घामाविषयी शल्यचिकित्सकाशी स्पष्ट बोलल्याविना संमतिपत्रावर सही करू नये.