काळी, पांढरी आणि आमचं घर

आमच्या सोलापूर जिल्ह्यात जुनी माणसं जमिनीचे दोनच प्रकार सांगायची. एक काळी, दुसरी पांढरी. काळीत पीक घ्यायचं, पांढरीवर घर बांधायचं. गावठाणाला ‘पांढरी’ म्हणण्याची रीत अख्ख्या महाराष्ट्रात होती आणि त्या शब्दांत एक साधं शहाणपण होतं. मी कविता लिहिणारा माणूस. ‘काळी आई’ हा शब्द मी किती वेळा वापरला असेल, सांगता येत नाही. पण ही आई अंगाखाली घर घेऊन झोपत नाही, हे मला कळलं तेव्हा माझी प्रॉव्हिडंट फंडातली रक्कम तिच्या पोटात गेली होती.

माझे अब्बा गवंडी होते. बांधकामाबद्दल ते फार बोलत नसत, पण एक गोष्ट ठाम सांगत. पाया खणताना मुरूम लागल्याशिवाय कुदळ खाली ठेवायची नाही. मग तो चार फुटांवर लागो की आठ फुटांवर. मी शाळेत लिपिक झालो, बी.ए. झालो, आणि २००८ साली गावाबाहेर एन.ए. झालेल्या रानात प्लॉट घेतला तेव्हा अब्बा हयात नव्हते. ज्या आण्णांचं ते रान होतं, ते खरेदीखताच्या दिवशी मला म्हणाले, “भाई, ही काळी हाय. हिच्यात जवारी लई चांगली येती.” मला ते कौतुक वाटलं. आण्णा मला सावध करत होते, हे फार उशिरा उमगलं.

ठेकेदार म्हणाला, “आता कॉलमचं काम असतंय भाई, पूर्वीसारखं दगडी पायाचं नाही. तीन फुटांवर फूटिंग धरू, वर प्लिंथ बीम, आत भराव टाकून कोबा.” मी मान डोलावली. २००९ साली घर उभं राहिलं. तीन वर्षं काही झालं नाही. २०१२ साली पाऊस दगा देऊन गेला. त्या दुष्काळात रानाला हात जाईल एवढ्या भेगा पडल्या आणि हिवाळ्यात आमच्या खिडकीच्या कोपऱ्यापासून छतापर्यंत तिरकी भेग उमटली. २०१३च्या पावसाळ्यात ती थोडी मिटली, पण स्वयंपाकघराचं दार चौकटीत अडकून बसलं आणि मधल्या खोलीचा कोबा फुगून फरशा उचलल्या गेल्या. पत्नीनं एक गोटी फरशीवर ठेवली. ती घरंगळत भिंतीकडं गेली. ती काही बोलली नाही, आणि तेच मला जास्त लागलं.

हे असं का होतं, ते पुढं एका निवृत्त अभियंत्यांनी मला समजावलं. दख्खनच्या पठारावरची काळी माती काळ्या पाषाणाच्या झिजेतून झालेली आहे. तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाचं चिकणमातीचं खनिज असतं. त्याचे कण म्हणजे अतिशय पातळ पापुद्र्यांच्या थप्प्या. पाणी मिळालं की ते दोन पापुद्र्यांच्या मधे शिरतं, पापुद्रे एकमेकांपासून लांब सरतात आणि माती फुगते. पाणी गेलं की आक्रसते. शाळू पावसाळ्यानंतर नुसत्या ओलीवर येतो, तो याच गुणामुळं. जो गुण पिकाला तारतो तोच घराला मारतो.

घर बांधलं की त्याच्याखालची जमीन झाकली जाते. मधली ओल वर उडून जाऊ शकत नाही, म्हणून ती साठत राहते आणि मधला भाग वर येतो. कडेची जमीन मात्र उघडी असते. ती उन्हाळ्यात खचते, पावसाळ्यात उठते. म्हणजे घर एका सावकाश श्वास घेणाऱ्या पाठीवर बसलेलं असतं. गंमत अशी की यात जड इमारतीपेक्षा हलक्या घराचे हाल जास्त. तीन मजली इमारत आपल्या वजनानं माती दाबून धरू शकते. तुमच्या-माझ्यासारख्याचं एकमजली घर ही माती सहज उचलते.

आम्ही त्यात भरच घातली होती. पत्नीनं पूर्वेच्या भिंतीला लागून मोगऱ्याचा वाफा केला होता आणि न्हाणीचं पाणी त्यात सोडलं होतं. पश्चिमेला मी हौसेनं नीलगिरी लावली होती. एका बाजूला रोज पाणी, दुसऱ्या बाजूला झाडाची मुळं पाणी ओढणारी. घर वाकडं होणार नाही तर काय?

अभियंत्यांनी भिंतीलगत खड्डा खणायला लावला. बारा फुटांपर्यंत काळीच काळी. आमचं फूटिंग होतं तीन फुटांवर, म्हणजे जिथं माती सर्वांत जास्त हलते अगदी तिथंच. आत जो भराव होता, तो पाया खणताना निघालेल्या काळ्या मातीचाच. ठेकेदारानं मुरमाचे पैसे घेतले होते, पण त्यात माझाही दोष आहे. भराव टाकला त्या आठवड्यात मी एका कविसंमेलनाला गेलो होतो.

मग करायचं काय होतं? पहिली गोष्ट, नकाशा काढण्याआधी खड्डा काढायचा. प्लॉटच्या दोन कोपऱ्यांत माणूस उतरेल असे खड्डे घ्यायचे आणि काळी किती खोल आहे ते बघायचं. मुरूम पाच-सहा फुटांत लागला तर अब्बांची रीत आजही सर्वांत चांगली. मुरमात पाया टेकवायचा आणि निर्धास्त व्हायचं.

दुसरं, मातीची परीक्षा. प्रयोगशाळेत एक साधी चाचणी करतात, तिचं मला फार अप्रूप वाटलं. बारीक चाळलेली कोरडी माती दहा-दहा ग्रॅम दोन नळ्यांत घेतात. एका नळीत पाणी, दुसऱ्या नळीत रॉकेल. रॉकेलमध्ये ही माती फुगत नाही, पाण्यात फुगते. चोवीस तासांनी दोन्हींतली उंची बघायची. पाण्यातली माती रॉकेलमधल्या मातीच्या दुप्पट झाली, म्हणजे शंभर टक्के फुगली, तर ती घराच्या दृष्टीनं धोक्याची. पन्नास टक्क्यांच्या आत असेल तर फार काळजी नको. घर बांधायला लाखो रुपये घालणारे आपण या चाचणीचे पैसे मात्र वाचवतो.

काळी खोल असेल तर उपाय आहे, आणि तो आपल्याच देशात रुळलेला आहे. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेनं त्यावर मोठं काम केलं. त्याला अंडर-रीम्ड पाइल म्हणतात. तिकाटण्याला बांधलेल्या मोठ्या गिरमिटानं जमिनीत उभं भोक पाडायचं, साधारण फूटभर रुंदीचं. ते निदान साडेतीन मीटर खोल न्यायचं, कारण तिथं खाली ऋतुमानाप्रमाणं ओल बदलत नाही, माती हलत नाही. मग पाती उघडणारं एक हत्यार खाली सोडून तळाशी भोक अडीचपट रुंद करायचं. आत सळईचा पिंजरा उतरवून काँक्रीट ओतलं की जमिनीत एक कांदा तयार होतो. वरची माती फुगून खांब उचलायला गेली तरी तो कांदा खाली घट्ट रुतून राहतो. अशा खांबांवर प्लिंथ बीम टाकायचा. पण, हे गवंड्याला दहा वेळा सांगावं लागतं, बीमच्या खाली चार बोटांची, म्हणजे ८० मिलिमीटरची पोकळी ठेवायची. माती फुगली तर तिला जागा पाहिजे. तिथं कुणी प्रेमानं माती दाबून भरली की सगळं मुसळ केरात.

जमिनीवरचा कोबा हा वेगळा प्रश्न आहे. नुसता काँक्रीटचा जाड थर ओतून काळी दबत नाही. आय.आय.टी. मुंबईचे प्रा. आर. के. कट्टी यांनी दाखवून दिलं, की काळ्या मातीवर न फुगणाऱ्या पण चिकट मातीचा साधारण मीटरभराचा थर दिला तर खालची माती फुगायचं आवरते. आपल्याकडचा चांगला मुरूम या कामाला येतो. घराच्या आतली काळी उकरून बाहेर टाकायची, मुरूम वीत-वीतभराच्या थरांत भरायचा, प्रत्येक थरावर पाणी मारून धुमसानं ठोकायचं, मग सोलिंग आणि त्यावर काँक्रीट. काही जण वाळू भरायचा सल्ला देतात. तो मुळीच ऐकू नये. वाळूत पाणी शिरतं आणि साठून राहतं, म्हणजे तुम्ही काळीला घराखाली रांजण भरून दिला. ऑस्ट्रेलियात जमीन किती मिलिमीटर वर-खाली होईल यावरून प्लॉटचा वर्गच ठरवतात आणि त्याप्रमाणं खालून बीमच्या फासळ्या असलेला स्लॅब ओततात. आपल्याकडं मात्र तालुक्यातल्या सगळ्या घरांना एकच पाया. कोकणातल्या जांभ्यावर जे चालतं ते आमच्या काळीत चालत नाही, आणि विदर्भातल्या खारपाण पट्ट्यात तर काळीच्या जोडीला खारटपणा आहे, तिथं काँक्रीट आणि सळई दोन्ही जपावी लागतात.

आमचं घर पाडावं लागलं नाही. मोगरा कुंडीत गेला, नीलगिरी तोडली, न्हाणीचं पाणी नळीनं लांब नेलं. घराभोवती चार फूट रुंद, बाहेरच्या बाजूला उतार असलेली फरसबंदी केली, म्हणजे भिंतीलगतची ओल वर्षभर सारखी राहते. भेगा मात्र लगेच बुजवू दिल्या नाहीत. अभियंत्यांनी भेगेवर सिमेंटनं काचेची एक पट्टी चिकटवली आणि तारीख लिहिली. काच तडकली तर हालचाल चालू आहे. पहिली काच तीन महिन्यांत तडकली. दुसरी दिवाळीपर्यंत टिकली. तिसरी पूर्ण वर्ष टिकली, मग भेगा भरल्या.

२०१९ साली मुलीनं शेजारच्याच प्लॉटवर घर काढलं. म्हणाली, “अब्बा, वरची खोली नंतर बांधू, पण खाली तुमच्यासारखं नको.” पायाचा खर्च वाढला आणि ती वरची खोली अजून झालेली नाही. गिरमिट फिरत होतं ते चारही दिवस मी खुर्ची टाकून तिथंच बसलो होतो. आण्णा काठी टेकत बघायला आले. भोकातून वर आलेली माती त्यांनी मुठीत दाबून पाहिली, तेरा फुटांवर पिवळसर मुरूम दिसला तेव्हा म्हणाले, “आता थांबा.” आम्ही आणखी फूटभर खाली गेलो.