टाइप वन आणि लहान मूल, भाग ४ : अर्ध्या युनिटचं वजन

गेल्या आठवड्यात इन्सुलिनचे दोन प्रकार पाहिले : दिवसभर पाया धरून ठेवणारं बेसल आणि जेवणापुरतं जलद. आता प्रत्यक्ष आकडे. आजोबांची शुगरची गोळी पाहत वाढलेल्या घराला वाटतं, पोराचा डायबेटिस म्हणजे तेच, फक्त लहान मापात. मूल जितकं लहान, तितकी चुकीला जागा कमी, हे पहिले काही महिने कुणाच्या लक्षातच येत नाही.

सांताक्रूझ पूर्वेला, वाकोल्यात राहणारी चार वर्षांची मुलगी आहे असं समजू. वजन १५ किलो, दिवसभराचं इन्सुलिन सगळं मिळून १० युनिट. एका युनिटने शुगर किती उतरेल, याचा डॉक्टरांचा ढोबळ नियम असा : १८०० ला दिवसाच्या एकूण युनिटांनी भागायचं. हिच्या बाबतीत उत्तर येतं १८०. म्हणजे अर्ध्या युनिटने ९०. रोज ४५ युनिट घेणाऱ्या मोठ्या माणसाची शुगर तेवढ्याच अर्ध्या युनिटने जेमतेम २० उतरते.

आता हिला जेवायला बसवू. वाटीभर भातात साधारण ३० ग्रॅम कर्बोदकं. जेवणासाठी असाच नियम ५०० चा. त्याने एक युनिट ५० ग्रॅमला पुरतं. हिशोब ०.६ चा आला, आईने अर्धं युनिट दिलं. शुगर १०० होती. अर्ध्या भातावर पोरगी म्हणाली, ‘नको.’ पोटात गेले १५ ग्रॅम, त्यांना हवं होतं ०.३. वरचं ०.२ युनिट शुगर ३६ ने खाली ओढतं, म्हणजे ६४. सत्तरच्या खाली गेली की हायपो. आईचं गणित बरोबर होतं. बिनसलं ते चार घासांवर. (दोन्ही नियम सुरुवातीच्या अंदाजापुरते आहेत. प्रत्येक मुलाचे खरे आकडे त्याचे डॉक्टर वहीतल्या नोंदी बघून ठरवतात, आणि ते बदलत राहतात.)

जलद इन्सुलिन जेवणाआधी दिलेलंच बरं. पण पानावरून उठून पळणाऱ्या मुलासाठी डॉक्टरांच्या सल्ल्याने डोस विभागता येतो : नक्की खाल्लं जाईल तेवढ्याचा आधी, उरलेला खाणं पाहून. दोनदा टोचावं लागतं, हे खरं. पण बळजबरीने भरवण्यापेक्षा ते परवडतं. बळजबरी सुरू झाली की ताटावर रोजचं युद्ध.

अर्धं युनिट मोजायचं कशाने, हा त्याहून बिकट प्रश्न. आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन बहुधा एका मिलिलिटरला ४० युनिटचं असतं आणि त्याची सिरिंज सहसा लाल टोपीची. १०० युनिटच्या इन्सुलिनची सिरिंज केशरी टोपीची. स्टेशनबाहेरच्या दुकानात घाईत भलतीच सिरिंज हातात पडली, तर डोस अडीच पटीने चुकतो. शंभरचं इन्सुलिन लाल टोपीच्या सिरिंजमध्ये दोनच्या खुणेपर्यंत ओढलं, तर अंगात पाच युनिट जातात. दहा युनिटवर चालणाऱ्या मुलीला पाच! म्हणून प्रत्येक खरेदीला बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा शेजारी धरून वाचायचा. अर्ध्या युनिटने फिरणारं पेन मिळतं; परवडत असेल तर इतक्या लहान मुलासाठी पहिला खर्च तोच करावा असं माझं मत आहे, महागडं ग्लुकोमीटर नंतर.

हायपोवरचा उपायही मापातच. मोठ्यांना १५ ग्रॅम साखर सांगतात. मुलांना किलोमागे ०.३ ग्रॅम. हिला साडेचार ग्रॅम, म्हणजे साधारण एक चमचा साखर पाण्यातून. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं. घाबरून पेढा नि चॉकलेट कोंबलं तर त्यातल्या तुपामुळे, चरबीमुळे साखर रक्तात सावकाश पोचते आणि तासाभराने शुगर आभाळाला भिडते. मूल बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, पाण्याचा थेंबही नाही. कुशीवर वळवायचं आणि १०८ ला फोन. ग्लुकागॉनचं इंजेक्शन घरी असेल तर द्यायचं, पण ते आपल्याकडे सहज मिळत नाही.

रविवारी जुहूला गेलात तर वाळूत मनसोक्त धावू द्या. मात्र खेळाचा परिणाम त्याच वेळी संपत नाही, सात ते अकरा तासांनीही शुगर घसरू शकते. संध्याकाळी पाचला धावलेली मुलगी मध्यरात्रीनंतर, पहाटे चारपर्यंत धोक्यात. त्या रात्री दोनचा गजर लावून एकदा बोट टोचा. सेन्सर असेल तर त्याचा इशारा सुरू आहे ना, ते झोपण्याआधी बघा.

एवढं करूनही वहीत २४० दिसेल, ५८ दिसेल. ७० ते १८० या पट्ट्यात दिवसाचा ७० टक्क्यांहून जास्त वेळ, हे आजचं मान्य उद्दिष्ट आहे. म्हणजे रोज सात तास बाहेर गेले तरी तुम्ही नापास नाही. आकडा वाढला म्हणून मुलीला रागावणारी आजी घरात असेल, तर हे वाक्य तिला मोठ्याने वाचून दाखवा.

ताप-उलट्यांत मात्र सैल सोडून चालत नाही. ‘काही खाल्लं नाही, तर इन्सुलिन कशाला?’ हा विचार सगळ्यात घातक. बेसल कधीही बंद करायचं नाही. शुगर अडीचशेच्या वर टिकून राहिली किंवा उलटी झाली की किटोन तपासा. उलट्या थांबत नाहीत, पोट दुखतंय, श्वास खोल आणि जोराचा झालाय, तर सकाळच्या ओपीडीची वाट पाहू नका. रात्रीच निघा. पूर्वेला वि. न. देसाई हे पालिकेचं रुग्णालय आहे. ज्यांचे नेहमीचे कागद परळच्या वाडियात आहेत त्यांनीही आधी जवळचं गाठावं. आत शिरताच पहिलं वाक्य : ‘हिला टाइप वन आहे, शेवटचं इन्सुलिन इतक्या वाजता दिलं.’

पुढच्या भागात शाळा : डबा, पीटीचा तास आणि ग्लुकोमीटर कुणाच्या ताब्यात.