धोक्याच्या शर्यती आणि जुन्या काळाची ओढ

मोटारींच्या शर्यतीशी आपला काय संबंध, असे तुमच्यापैकी पुष्कळांना वाटेल. शर्यत म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे येते ती बैलगाड्यांची, फार तर सायकलींची. पण आज जे सांगायचे आहे ते नुसत्या मोटारींविषयी नाही. जुना काळ फार चांगला होता असे माणसाला का वाटते, आणि तो वाटतो तेवढा चांगला होता का, हे आपण पाहणार आहोत. उदाहरण परदेशातले आहे खरे. पण खोड माणसाची आहे, आणि माणूस सगळीकडे सारखाच.

२०१३ साली ‘वन : लाइफ ऑन द लिमिट’ नावाचा एक अनुबोधपट निघाला. अनुबोधपट म्हणजे घडलेल्या गोष्टींची खरी चित्रे एकत्र जोडून तयार केलेला चित्रपट. त्यात नट-नट्यांचे सोंग नसते. पॉल क्राउडर हे त्याचे दिग्दर्शक, आणि निवेदनाला आवाज मायकेल फासबेंडर या प्रसिद्ध नटाचा. विषय आहे फॉर्म्युला वन या शर्यतींचा. या शर्यतीतली गाडी म्हणजे आपल्या रस्त्यावरची मोटार नव्हे. तिची चाके उघडी, बसायला जागा एकट्या चालकापुरती, आणि वेग एवढा की सरळ रस्ता मिळाला तर ती ताशी तीनशे किलोमीटरच्या पुढे जाते. या शर्यतींचे जागतिक अजिंक्यपद १९५० सालापासून सुरू आहे.

चित्रपटाची सुरुवात होते १९९६ साली ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथे झालेल्या एका अपघाताने. मार्टिन ब्रंडल या इंग्रज चालकाची गाडी पहिल्याच फेरीत दुसऱ्या गाडीवर चढून हवेत उडाली आणि आपटून दुभंगली. पाहणाऱ्याला वाटते, संपला माणूस. पण ब्रंडल त्या सांगाड्यातून स्वतः बाहेर आले, धावत डॉक्टरांकडे गेले, ‘मी ठीक आहे ना’ एवढे विचारले, आणि दुसऱ्या गाडीत बसून पुन्हा शर्यतीला उभे राहिले! हे कसे झाले, या प्रश्नापासून चित्रपट मागे वळतो आणि आपल्याला साठ-सत्तरच्या दशकांत घेऊन जातो. त्या काळी असा अपघात झाला म्हणजे बहुधा माणूस परत येत नसे.

आता गंमत पाहा. हा चित्रपट मरणांची कथा सांगतो. तरी तो पाहून उठलेला प्रेक्षक पुष्कळदा म्हणतो, “शर्यती खऱ्या त्याच. तेव्हाची माणसे वाघाच्या काळजाची. आता काय राहिले आहे?” ज्या काळात मरण इतके स्वस्त होते, त्या काळाची ओढ लागावी, हे कसे?

याची कारणे नीट तपासून पाहू.

पहिले कारण चित्रपटाच्या कलेत आहे. वीस वर्षांचा काळ दोन तासांत बसवायचा, तर निवड करावीच लागते. इंजिनांचा आवाज, कोवळे देखणे चेहरे, विजयाचा जल्लोष, जुन्या फिल्मचे ते उबदार रंग, हे सारे आपल्यापुढे येते. पण इस्पितळाच्या ओसरीवर काढलेली रात्र, बापाविना वाढलेल्या मुलांची पुढची तीस वर्षे, ही दोन तासांत कशी दाखवणार? चित्रपट खोटे बोलत नाही. पण लांबचे दाखवतो, आणि दुरून डोंगर साजरे, हे तुम्हांला सांगायला नकोच.

दुसरे कारण असे की, या चित्रपटात आपल्याशी बोलतात ते वाचलेले लोक. जॅकी स्ट्यूअर्ट बोलतात, निकी लाउडा बोलतात. म्हातारपणी ते हसत हसत आठवणी सांगतात आणि आपल्याला वाटते, धोका होता, पण निभावले की! जे निभावले नाहीत ते बोलायला येत नाहीत. आपल्याकडेही म्हणतात, जुन्या काळची माणसे काटक होती. अहो, जी काटक होती ती साथींतून, बाळंतपणांतून, दुष्काळांतून वाचली, म्हणून ती आपल्याला दिसली. उरलेली कुणी मोजली?

तिसरे कारण म्हणजे शेवट आपल्याला ठाऊक असतो. त्या दिवशी रस्त्याकडेला उभ्या असलेल्या बायकोला तो ठाऊक नव्हता. तिच्या पोटातला गोळा आपल्या पोटात येत नाही.

आणि चौथे कारण जरा नाजूक आहे. ज्यांनी त्या शर्यती लहानपणी पाहिल्या, त्यांना हळहळ वाटते ती पुष्कळदा स्वतःच्या तरुणपणाची. आठवते ती मोटार, आणि हुरहूर असते वयाची.

आता त्या काळाकडे जवळ जाऊन पाहू.

१९५५ च्या जून महिन्यात फ्रान्समध्ये ल मां येथील चोवीस तासांच्या शर्यतीत एक गाडी उडून प्रेक्षकांच्या बाजूला आदळली. चालकासह ऐंशीहून अधिक माणसे गेली, आणि शर्यत तरीही पुढे चालूच राहिली. या अपघातानंतर स्वित्झर्लंड देशाने अशा शर्यतींवर बंदीच घातली.

चालकांचे म्हणाल तर सुरुवातीच्या वर्षांत कमरेला पट्टासुद्धा नसे. कारण ऐका: गाडीबरोबर जळण्यापेक्षा बाहेर फेकले जाणे बरे, असा पुष्कळांचा हिशेब होता! दोन मरणांतले बरे कोणते, एवढेच निवडायचे शिल्लक होते.

बेल्जियममध्ये स्पा नावाचे ठिकाण आहे. तेथील शर्यतीचा रस्ता तेव्हा चौदा किलोमीटरांचा, गावांतून आणि शेतांमधून जाणारा, रोजच्या वहिवाटीचाच होता. कडेला घरे, झाडे, तारांचे खांब. १९६६ साली पहिल्याच फेरीत अचानक पाऊस आला आणि सात-आठ गाड्या रस्ता सोडून गेल्या. त्यांत जॅकी स्ट्यूअर्ट या स्कॉटिश चालकाची गाडी होती. ते चेपलेल्या गाडीत अडकून पडले, टाकी फुटून इंधन अंगभर झाले. एक ठिणगी पडायचा अवकाश. मदतीला कुणी अधिकारी नाही, डॉक्टर नाही. ग्रॅहम हिल आणि बॉब बाँडुरंट या दोन सोबतच्या चालकांनी एका प्रेक्षकाकडून पाना मागून आणला आणि त्यांना सोडवले. याला सुमारे पंचवीस मिनिटे लागली. पुढे इस्पितळाकडे नेताना रुग्णवाहिका वाटच चुकली.

स्ट्यूअर्ट बरे झाले आणि गाडीत पाना बांधून ठेवू लागले. पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत. रस्त्याकडेला कठडे हवेत, पट्टा हवा, आग विझवायची साधने हवीत, डॉक्टर हवेत, आणि हे नसेल तर आम्ही गाडी चालवणार नाही, असे ते उघड बोलू लागले. १९६९ साली चालकांच्या बहिष्कारामुळे स्पाची शर्यत झालीच नाही. तेव्हा लोक काय म्हणाले? हा भित्रा आहे, याने शर्यतीची मजा घालवली. स्ट्यूअर्ट तीन वेळा जगज्जेते झाले, १९६९, १९७१ आणि १९७३ साली. जगातल्या सर्वांत वेगवान माणसाला भित्रा म्हणायला लोक कचरले नाहीत! त्या काळी पाच वर्षे शर्यतीत टिकणारा चालक मरण्याचाच संभव जास्त, तिनांत दोन एवढा, असे स्ट्यूअर्ट सांगत असत. १९७३ च्या ऑक्टोबरमध्ये त्यांचा तरुण सहकारी फ्रांस्वा सेव्हेर अमेरिकेत सरावाच्या वेळी ठार झाला. स्ट्यूअर्ट त्या शर्यतीत उतरले नाहीत, आणि पुन्हा कधीच उतरले नाहीत.

त्याच वर्षी जुलैमध्ये हॉलंडच्या झांडफोर्ट येथे रॉजर विल्यमसन या तरुणाची गाडी उलटून पेटली. डेव्हिड पर्ली या चालकाने आपली गाडी थांबवली, धावत रस्ता ओलांडला, आणि एकट्याने ती जळती गाडी सरळ करायचा प्रयत्न केला. कडेच्या सेवकांपाशी आगीत शिरता येईल असे कपडे नव्हते. पर्लींना गाडी हलली नाही. विल्यमसन गेला. दूरचित्रवाणीच्या कॅमेऱ्याने हे सारे टिपले. पर्लींना पुढे शौर्याबद्दल जॉर्ज पदक मिळाले. पण मंडळी, ते चित्र पाहताना आपला ऊर कशाने भरून येतो, हे स्वतःला विचारा. आगीने नव्हे, आगीकडे धावलेल्या माणसाने. आणि त्याला एकट्याला धावावे लागले, ही त्या काळाची शोभा नव्हे, लाज आहे.

आता निकी लाउडांची गोष्ट. १९७६ साली जर्मनीतील न्यूरबुर्गरिंग या सुमारे तेवीस किलोमीटरांच्या डोंगरी रस्त्यावर शर्यत होती. रस्ता धोक्याचा आहे, शर्यत नको, असे लाउडांनी आधी सांगितले. बहुमत विरुद्ध गेले. शर्यत झाली, आणि लाउडांचीच गाडी पेटली. सोबतच्या चौघा चालकांनी त्यांना आगीतून ओढून काढले. चेहरा जळाला, फुप्फुसे होरपळली. सहा आठवड्यांनी, जखमा ओल्या असतानाच, ते इटलीत शर्यतीला आले आणि चौथे आले! हे सगळे सांगतात. पण त्याच वर्षी जपानमध्ये शेवटच्या शर्यतीत मुसळधार पाऊस होता, तेव्हा लाउडांनी दोन फेऱ्यांनंतर आपण होऊन गाडी थांबवली. त्यामुळे त्यांचे अजिंक्यपद एका गुणाने गेले. मला विचाराल तर धैर्य दोन्ही ठिकाणी आहे, पण दुसरे अधिक कठीण. पुढे जाणाऱ्याला टाळ्या मिळतात, थांबणाऱ्याला कोण टाळी देतो?

मग बदल कसा झाला? एका दिवसात नाही. १९७८ पासून सिड वॉटकिन्स हे मेंदूचे शल्यवैद्य शर्यतींच्या ठिकाणी राहू लागले. त्यांच्या आग्रहाने पहिल्या फेरीत गाड्यांच्या मागोमाग डॉक्टरांची गाडी धावू लागली. १९८१ साली कार्बन फायबर या हलक्या पण अतिशय मजबूत पदार्थाचा सांगाडा आला. १९९४ साली इमोला येथे लागोपाठ दोन दिवशी रोलांड रात्झेनबर्गर आणि आयर्टन सेना हे दोघे गेले आणि नियम आणखी कडक झाले. त्यानंतर वीस वर्षे शर्यतीत एकही चालक जिवानिशी गेला नाही. २०१४ साली जपानमध्ये ज्यूल्स बियांकी याला अपघात झाला व पुढच्या वर्षी तो वारला. रस्त्याकडेचे काही सेवकही या काळात बळी पडले. म्हणजे धोका संपलेला नाही, आवरलेला आहे.

२०१८ साली चालकाच्या डोक्याभोवती धातूचे भक्कम कडे बसवणे सक्तीचे झाले. तेव्हाही ओरड झाली: गाडीचे रूप गेले, शर्यतीचा आत्मा गेला. खुद्द लाउडांनीही नापसंती दाखवली. पाहा, जो माणूस स्वतः जळला त्यालासुद्धा जुन्या रूपाची ओढ सुटली नाही! रोमँ ग्रोजाँ हा फ्रेंच चालकही त्या कड्याच्या विरुद्ध होता. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये बहरीन येथे त्याची गाडी कठड्यात घुसून दुभंगली आणि पेटली. सुमारे अठ्ठावीस सेकंद तो ज्वाळांत होता, आणि हात भाजले एवढ्यावर चालत बाहेर आला. कड्याने डोके वाचवले. इस्पितळातून त्याने मोकळेपणाने सांगितले की, ते कडे नसते तर आज मी बोलायला नसतो.

तर मग जुन्या काळाची ओढ सगळी खोटीच का? नाही. तीत खरे आहे ते वेगळे काढून घ्यावे. तेव्हा चालकाचा चेहरा दिसे, माणूस आणि यंत्र यांची झुंज डोळ्यांनी कळे. रस्त्यांना आपापला स्वभाव होता. चालक एकमेकांसाठी थांबत, धावत. या गोष्टी जपण्यासारख्या आहेत, आणि त्यांच्यासाठी कुणी मरावे लागत नाही. आपली चूक होते ती इथे, की सद्गुण आणि संकट एकाच गाठोड्यात बांधतो, आणि संकट गेले म्हणजे सद्गुणही गेला असे समजतो. मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात ना, तसेच हे.

शिक्षक बंधूभगिनींनी हा चित्रपट मोठ्या मुलांना दाखवायला हरकत नाही. मात्र नंतर तीन प्रश्न जरूर विचारावेत. यात कोण बोलले नाही? जे झाले ते टाळता आले असते का? आणि टाळा म्हणणाऱ्याला तेव्हा लोक काय म्हणाले? हेच प्रश्न मग घरच्या गोष्टींनाही लावता येतात. हेल्मेट घालणाऱ्या पोराला गावात कुणी हसले, किंवा मळणीयंत्राला जाळी बसवणाऱ्याला ‘आमच्या वेळी नव्हती ही थेरं’ असे कुणी म्हणाले, तर मुलांना जॅकी स्ट्यूअर्टची आठवण द्यावी.

जुन्या शूरांना मान द्यायचाच. पण तो देण्याची रीत एकच: ज्या खड्ड्यात ते पडले तो बुजवायचा, आणि बुजवणाऱ्याला भित्रा म्हणायचे नाही.